लोकलने जाणाऱ्यांसाठी नॉईज कॅन्सलिंग इअरबड्स: फायदे, तोटे आणि तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

डोंबिवली ते दादर, जाऊन-येऊन रोज जवळपास दोन तास, आणि गेली तीन वर्षं मी नॉईज कॅन्सलेशनवाले बड्स वापरतेय, आधी एक स्वस्त जोडी आणि आता एक महाग. डब्यातल्या मैत्रिणी, सोसायटीतले काका, मावसबहिणी, सगळे तेच तेच विचारतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. मला हे बड्स आवडतात ते मुख्यतः एकाच कारणासाठी, लोकलच्या गोंगाटातही आवाज कमी ठेवून ऐकता येतं आणि कान वाचतात. बाकी फायदे-तोटे पुढे येतीलच.

१. नॉईज कॅन्सलेशन म्हणजे नक्की काय? कानात बोळा घातल्यासारखं होतं का?

बडवर बारीक माईक असतात. ते बाहेरचा आवाज ऐकतात आणि आतली चिप त्याच आवाजाची उलटी लाट बनवून स्पीकरमधून सोडते, म्हणजे बाहेरच्या लाटेचा जिथे चढ तिथे हिचा उतार, या दोन लाटा कानात भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. हे खोल, एकसुरी आवाजाला छान जमतं. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लाट साधारण साडेतीन मीटर लांब असते, ५,००० हर्ट्झच्या किनऱ्या आवाजाची जेमतेम ७ सेंटीमीटर, आणि एवढ्या छोट्या लाटेत जरासं मागेपुढे झालं की उलटी लाट जुळतच नाही. त्यामुळे किनरे आवाज अडवायचं काम बडच्या टोकाची रबरी टिपच करते, म्हणजे तुम्ही म्हणता तो बोळाही लागतोच (प्रश्न ६ बघा).

कल्पना नवी नाहीये. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं होतं. पुढे अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले, त्यांनी १९७८ मध्ये विमानात बसल्या बसल्या याची आकडेमोड सुरू केली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. मूळ काम विमानाच्या घरघरीचं, म्हणूनच आजही एसी, पंखा, इंजिन असल्या आवाजांवर हे सगळ्यात चांगलं चालतं.

२. माझ्या बॉक्सवर ईएनसी लिहिलंय, तेच ना हे?

नाही! आणि याच्यात सगळ्यात जास्त लोक फसतात. ईएनसी म्हणजे कॉलवर समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून माईकवर केलेली सोय. तुमच्या कानाला त्याचा काहीच उपयोग नाही. तुम्हाला हवंय ते एएनसी, ॲक्टिव्ह नॉईज कॅन्सलेशन. ऑनलाईन यादीत 'नॉईज कॅन्सलेशन' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली बारीक अक्षरात ईएनसी लिहिलेलं असतं, ते शेवटपर्यंत वाचा. दुकानात असाल तर बड कानात घालून एसीखाली उभं राहा आणि मोड चालू-बंद करा, घरघर कमी-जास्त झाली नाही तर ते एएनसी नाही.

३. पण लोकलमध्ये खरंच फरक पडतो का? तिथे तर शंभर प्रकारचे आवाज असतात.

पडतो, पण कुठला आवाज जाणार आणि कुठला राहणार हे आधी समजून घ्या नाहीतर पहिल्याच दिवशी निराश व्हाल. जातं काय, तर चाकांची खोल गडगड, मोटरची घूं घूं, डोक्यावरच्या पंख्यांचा आवाज, एसी लोकलमधला एसीचा आवाज. राहतं काय, तर हॉर्न, ब्रेकची किंचाळी, भजनी मंडळाचे टाळ, समोरासमोर चाललेलं सीटवरून भांडण, क्लिपा-रबर विकणाऱ्या मावशींची हाक. हे थोडं दबतं, लांबून आल्यासारखं वाटतं, पण जात नाही.

फरक खरा कळतो तो बड काढल्यावर. ठाण्याहून गाडी सुटून वेग घेते तेव्हा एकदा बड काढून बघा, आपण रोज एवढ्या आवाजात बसतो हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. संध्याकाळी घरी आल्यावर जे डोकं जड व्हायचं ते माझं तरी बऱ्यापैकी कमी झालंय.

जागेप्रमाणेही बदलतं. एसी लोकल आणि मेट्रो, जिथे दारं बंद असतात, तिथे सगळ्यात चांगलं काम करतं. भुयारातल्या ॲक्वा लाईनवर आवाज भिंतींवरून परत येतो तरी तो बराचसा खोल गडगडाटच असतो, त्यामुळे तिथेही छान. साध्या लोकलमध्ये खिडकीपासून आत बसलात तर उत्तम. दारात मात्र उलटं होतं, वारा थेट माईकवर आदळतो आणि कानात फडफड सुरू होते, म्हणजे एएनसी चालू असताना जास्त त्रास. काही बड्समध्ये वाऱ्यासाठी वेगळा मोड असतो, नसेल तर एएनसी बंद करा. आणि खरं सांगायचं तर दारात उभं असताना कानात काही नसलेलंच बरं.

४. एकावर '३० डेसिबल' लिहिलंय, दुसऱ्यावर '५० डेसिबल'. ५० वालं घेऊ ना?

फक्त आकडा बघून नको. कंपनी जो आकडा छापते तो साधारणपणे जिथे सगळ्यात जास्त आवाज कापला जातो त्या एका पट्टीतला (खोल ते किनरा यातल्या एका टप्प्यातला) असतो, सगळ्या पट्ट्यांत तेवढं होत नाही. ५० वाल्याची टिप तुमच्या कानात सैल बसली तर नीट बसलेलं ३० वालं त्याला मागे टाकेल. प्रत्यक्ष घालून बघणं शक्य असेल तर तेच करा.

५. किती पैसे घालावेत? दोन हजारात चालेल की पंचवीस हजारच लागतात?

माझी पहिली जोडी दोन हजारांच्या आतली होती आणि पंख्या-एसीची घरघर तिने खरंच कमी केली होती. कमी काय पडलं तर, लोकलच्या गडगडाटात ती अर्धवट वाटायची, शांत जागी एक बारीक सूं ऐकू यायचा, आणि ट्रान्सपरन्सी मोड म्हणजे बाहेरचं ऐकू येण्याचा जो मोड असतो तो अगदी पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा होता. पाच ते दहा हजारांत हे तिन्ही बरंच सुधारतं आणि रोज लोकलने जाणाऱ्याला मी इथेच थांबायला सांगते. वीस-पंचवीस हजारांत कॅन्सलेशन आणखी खोल होतं, ट्रान्सपरन्सी अगदी नैसर्गिक वाटते, पण बॅटरी त्यांचीही म्हातारी होते (प्रश्न १४), आणि गर्दीत पडून हरवायची भीती तेवढीच. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला पहिलीच जोडी घेत असाल तर स्वस्तातली घ्या, आधी सवय लागू दे.

६. माझ्या कानात बसतच नाहीत, सारखे निसटतात. आणि नॉईज कॅन्सलेशन पण जाणवत नाही.

दोन्ही तक्रारींचं कारण एकच, टिपचा साईज. बॉक्समध्ये तीन-चार साईजच्या टिप येतात आणि बहुतेक जण लावून आलेल्या मधल्या साईजवरच वापरत राहतात. दोन्ही कान सारखे नसतात, माझ्या डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मधली लागते. टिप सैल असेल तर फटीतून गडगडाट आत येतो आणि एएनसी त्याला पुरं पडत नाही, गाण्यातला ढोलकीचा ठेकाही पातळ वाटतो. बड घालताना दुसऱ्या हाताने कान जरा वर-मागे ओढा, बड आत सरकवा आणि थोडं फिरवा. बऱ्याच बड्सच्या ॲपमध्ये फिट तपासायची सोय असते, ती एकदा वापरा. रबरी टिप जमतच नसेल तर फोमच्या मिळतात, त्या कानात फुगून बसतात, पण आपल्या दमट हवेत लवकर मळतात.

टिप नसलेले, नुसते कानात अडकवायचे बड्सही एएनसीवाले येतात. ते हलके वाटतात, पण लोकलसाठी माझ्या मते पैसे वाया, कारण फट राहतेच.

७. एएनसी चालू केलं की कानाला दडे बसल्यासारखं होतं. माझ्या कानात काही प्रॉब्लेम आहे का?

बहुधा नाही. खोल आवाज एकदम गायब झाले की मेंदूला वाटतं हवेचा दाब बदललाय, घाटात गाडी चढताना होतं तसं. खरा दाब फारसा बदललेला नसतो. पहिले चार-पाच दिवस दहा-दहा मिनिटंच वापरा, ॲपमध्ये एएनसी कमी-जास्त करता येत असेल तर मधल्यावर ठेवा. बऱ्याच जणांना आठवड्यात सवय होते, काहींना कधीच होत नाही, आणि तसं असेल तर ओढून-ताणून घालू नका. चक्कर येत असेल किंवा बड काढल्यावरही कान दुखत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

८. रोज तीन-तीन तास कानात. बहिरं व्हायला होईल असं आई म्हणते, खरं का?

आईंचं म्हणणं अगदी वाऱ्यावर सोडू नका, पण दोष बड्सचा नसून आवाज किती मोठा आणि किती वेळ याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०.

आता लोकलमध्ये काय होतं बघा. साधे इअरफोन घातले की बाहेरच्या गडगडाटावर मात करायला आपण आवाज वाढवत वाढवत नव्वद टक्क्यांवर नेतो, आणि कळतही नाही कारण बाहेरचा गोंगाट तेवढाच असतो. स्टेशनबाहेर येऊन रिक्षात बसलो की मग लक्षात येतं की अरे केवढ्याने वाजतंय हे. एएनसीने गडगडाट खाली गेला की तेच गाणं पन्नास टक्क्यांवर स्पष्ट ऐकू येतं. मी वीस हजारांचे घ्या की दोन हजारांचे घ्या याच्यावर वाद घालत नाही, पण एएनसी असून आवाज नव्वद टक्क्यांवरच ठेवणार असाल तर मात्र मला खरंच वाईट वाटतं. फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावता येते, आजच लावा, मुलांच्या फोनवर तर नक्कीच. आणि नुसती शांतता हवी असेल तर गाणं न लावता फक्त एएनसी चालू ठेवूनही बसता येतं, मी सकाळी बहुतेक वेळा तेच करते.

बड काढल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर तो इशारा समजा आणि तपासून घ्या.

९. स्टेशन चुकत नाही का? आणि अनाउन्समेंट?

चुकतं. 'पुढील स्टेशन' ऐकायचं असेल तर आपलं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधी ट्रान्सपरन्सी मोड लावा किंवा एक बड काढा, आणि फास्ट गाडीत असाल तर त्याही आधी, कारण दाराकडे सरकायला लागतंच. प्लॅटफॉर्मवर तर मी काहीच घालत नाही. ऐन वेळी गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार ही घोषणा एकदाच नीट ऐकू येते, ती गेली की पूल चढून पळापळ. लेडीज डब्यात 'कुठे उतरणार' हे विचारणंही ऐकू आलं पाहिजे, नाहीतर सीट गेलीच समजा.

१०. रस्त्याने चालताना, स्कूटरवर, सायकलवर घातले तर? ट्रान्सपरन्सी मोडमध्ये तरी?

रुळांजवळ आणि गाडी चालवताना कुठल्याच मोडमध्ये नको. ट्रान्सपरन्सीमध्ये आवाज येतो पण कुठून येतोय याचा अंदाज उघड्या कानाइतका पक्का नसतो, आणि गाणं चालू असेल तर लक्ष अर्धं तिकडेच. रूळ ओलांडणं तर मुळातच गुन्हा आहे, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर कानात एएनसी म्हणजे मागून येणाऱ्या गाडीची गडगड, जी या बड्सना सगळ्यात चांगली कापता येते, नेमकी तीच गायब. कृपा करून हे करू नका. फुटपाथवर, बागेत चालताना ट्रान्सपरन्सीमध्ये, हळू आवाजात, ठीक आहे.

११. पावसाळ्यात काय? आणि घामाने खराब होतात का?

बॉक्सवर आयपीएक्स ४ (पाण्यापासून बचावाचं रेटिंग) असेल तर घाम आणि पावसाचे थेंब चालतात. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटं टिकायला हवेत, पण मरीन ड्राईव्हच्या लाटा त्यात धरू नका, खारं पाणी वेगळंच. लोक विसरतात ती म्हणजे केस, बड ठेवायची आणि चार्ज करायची डबी. बड्सना रेटिंग असतं, केसला बऱ्याचदा नसतं, आणि आपण भिजलेले बड तसेच केसमध्ये टाकून झाकण लावतो. मग चार्जिंगच्या पिना गंजतात. जून ते सप्टेंबर मी पर्समध्ये केस एका छोट्या झिपच्या पिशवीत ठेवते आणि बड आधी रुमालाने पुसून मगच आत.

१२. कानाला खाज सुटते, ओलसर वाटतं.

तर बड्स आजपासून बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. दमट हवेत कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही आणि रबरी टिप कान बंद करून आतली ओल आतच ठेवते. अंघोळ करून ओल्या कानात लगेच बड घालू नका, टिप आठवड्यातून एकदा काढून धुवा आणि पूर्ण वाळवून लावा, जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने काढा, जाळीत पाणी-बिणी नको. बड्स एकमेकींचे घालू नका, अगदी बहिणी-बहिणी असलात तरी. आणि कान कोरू नका.

१३. मला सगळं छान ऐकू येतं पण कॉलवर समोरचा म्हणतो तुझा आवाज येत नाही.

कारण माईक तुमच्या कानाशी आहे, तोंडापासून लांब, आणि एएनसी तुमच्या कानासाठी आहे, समोरच्यासाठी नाही (प्रश्न २). महागड्या बड्समध्येही चालत्या लोकलमधून ऑफिसचा कॉल हा भरवशाचा प्रकार नाही. मी सरळ 'गाडीत आहे, उतरून करते' असा मेसेज टाकते. कॉल सुरू झाल्यावर ऐकू येणारा आवाजही चपटा होतो, तो बिघाड नाही, ब्लूटूथवर बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकदम चालवायचं म्हणून दर्जा खाली येतो.

दादरच्या पुलासारख्या ठिकाणी आवाज तुटतो तोही बिघाड नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तिथे शेकडो फोन त्याच पट्टीत, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी हे सिग्नल शोषतं. फोन मागच्या खिशातून किंवा सॅकमधून काढून पुढे ठेवा, बराच फरक पडतो.

१४. दोन वर्षांत बॅटरी बसली. बदलून मिळते का?

हा या वस्तूचा सगळ्यात मोठा तोटा. बडमधली लिथियम-आयन बॅटरी अगदी इवलीशी असते, बहुतेक बड्स चिकटवून बंद केलेले असतात आणि केसमध्ये ठेवला की प्रत्येक वेळी चार्ज होतात. नवीन असताना एएनसीसह पाच-सहा तास चालणारे बड दोन-तीन वर्षांत निम्म्यावर येऊ शकतात. काही कंपन्या पैसे घेऊन एकेक बड बदलून देतात, साधा दुरुस्तीवाला सहसा उघडत नाही. वाचवायचं असेल तर उष्णतेपासून जपा, स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नका. टाकताना ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, बॅटरी आहे, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

वॉरंटीत असताना माझ्या पहिल्या जोडीचा एक बड बंद पडला तेव्हा सर्व्हिस सेंटरवाल्याने 'पाण्याने झालंय' म्हणून हात वर केले, पाणी लागलंच नव्हतं. तेव्हा मी गप्प बसले, तुम्ही बसू नका. पक्कं बिल जपून ठेवा, नकार लेखी मागा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा.

१५. एक बड रुळात पडला तर?

खाली उतरायचं नाही. किंमत कितीही असो. स्टेशन मास्तरच्या ऑफिसात किंवा आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाला सांगा, डब्यात राहिला असेल तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाईनवर कळवा. माझा एक कुर्ल्याला उतरताना कोणाच्या तरी सॅकला लागून फटीत गेला, तो गेलाच. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही, टोकियोत रुळावर इतके बड पडायला लागले की २०२० मध्ये तिथल्या रेल्वेने ते उचलायला खास व्हॅक्युम करून घेतला. माझा उपाय साधा, गाडी थांबायच्या आधी, धक्काबुक्की सुरू व्हायच्या आधी, दोन्ही बड केसमध्ये आणि केस चेनच्या कप्प्यात. मोठ्या रिंगा आणि ओढणी यांनीही बड ओढला जातो, ते सांभाळा. नवीन एकच बड घ्यायचा तर अधिकृत सेंटरमधूनच, कारण तो जुन्याशी जोडून द्यावा लागतो.

१६. फुटपाथवर पंचवीस हजारांचे 'ओरिजिनल' पंधराशेत मिळतायत, फोनवर चित्र पण येतं.

कॉपी आहे. केस उघडली की फोनवर येणारं बड्सचं ते चित्र कॉपीवालेही आणतात. सिरीयल नंबर कंपनीच्या साईटवर तपासा, पण तोही नकली बॉक्सवर खरा छापलेला असू शकतो, म्हणून बिल आणि अधिकृत विक्रेता हेच खरं. पंधराशेच घालायचे असतील तर एखाद्या साध्या कंपनीचे वॉरंटीवाले घ्या.

१७. ढोल पथकात किंवा मिरवणुकीत कानाच्या बचावासाठी चालतील का?

नाही, याच्यावर विसंबू नका. ताशाची थाप एकदम येते आणि किनरी असते, दोन्ही गोष्टी एएनसीला जमत नाहीत, आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटून माणूस तास न् तास तिथे उभा राहतो. पथकात वाजवणाऱ्यांनी केमिस्टकडे मिळणारे फोमचे इअरप्लग घालावेत, खूप स्वस्त असतात. शेजारच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचं ड्रिल मात्र घरात बसून, खिडकी लावून, एएनसीने बरंच सुसह्य होतं, जनरेटरची घरघर तर जवळजवळ जातेच.

१८. बाबांना कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र महाग म्हणून ट्रान्सपरन्सी मोडवाले बड्स दिले तर?

आधी तपासणी, मग बाकी सगळं. ट्रान्सपरन्सी मोड सगळेच आवाज आत घेतो, बाबांना नेमकी कुठली पट्टी ऐकू येत नाही हे त्याला माहीत नसतं. आता काही बड्समध्ये श्रवणयंत्रासारखी सोय आली आहे, अमेरिकेत तशा एका सोयीला २०२४ मध्ये सरकारी मान्यताही मिळाली, पण ती सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहे, आणि बाबांचं कुठल्या पायरीवर आहे हे टेस्टशिवाय कळणार नाही. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची केंद्र सरकारची संस्था, तिथे श्रवण तपासणी होते आणि श्रवणयंत्राबद्दल मार्गदर्शनही मिळतं. जाताना आधीचे रिपोर्ट आणि बाबा रोज घेत असलेल्या औषधांची यादी सोबत न्या.